भरतीचा वादक

लढाईच्या दिवसांत बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांची गर्दी झाली, तेव्हा तिथल्या काही गोवेकर बाजेवाल्यांनी मिळून जॅझचं एक मंडळ काढलं. येईल त्याला शिकवायचं, जात विचारायची नाही आणि अधूनमधून हॉलात कार्यक्रम करायचा, असा त्यांचा रिवाज. ऐकायला फार छान वाटतं. मलाही वाटलं होतं. मी शहापूरच्या विणकराचा मुलगा, लग्न झालेला, चांगल्या मिशा राखलेला बाप्या. संध्याकाळी माग सोडून क्लॅरिनेट फुंकायला कॅम्पात चालत जायचो आणि सगळी गल्ली मला हसायची.

मंडळाचा मास्तर मुंबईच्या हॉटेलांत वाजवून आलेला म्हातारा. बोटांत जादू आणि जिभेवर विष. आधी कागदावरचं सगळ्यांनी मिळून वाजवायचं, मग तो ज्याच्याकडे बोट करील त्यानं उभं राहून, कागद न बघता, मनात येईल ते वाजवायचं. याला आम्ही पाळी म्हणायचो. एकदा तरी माझी पाळी यावी, बाकी मला काही नको होतं. मागावर धोटा फेकतानाही माझी बोटं मनातल्या मनात क्लॅरिनेटच्या भोकांवर फिरायची आणि कापडात चूक व्हायची.

चूक झाली की आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लगेच कळायचं. तरुणपणी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. पण मागाच्या खांबावर तळहात ठेवला की माग नीट चाललाय की नाही ते ते सांगत. माणसांचं बोलणं ते तोंडाकडे बघून ओळखायचे. माझ्या कॅम्पातल्या फेऱ्यांना ते कंटाळले होते, माझा माग अर्धा वेळ बंद असायचा. शेवटी एक दिवस म्हणाले, "एकदा येतो आन् बगतो. मला ऐकू येत न्हाय, पर ऐकणाऱ्यांची तोंडं दिसत्यात. ती खूश दिसली तर ऱ्हा तिथं. न्हायतर गप मागावर बसायचं."

मला हे कबूल होतं. मी काही फार मोठा वादक नव्हतो, पण लोकांची तोंडं वाकडी होतील असंही वाजवत नव्हतो.

आता मंडळातली एक गोष्ट सांगायला हवी. हॉलात वाजवणाऱ्यांचा ताफा भरलेला दिसावा म्हणून रिकाम्या खुर्च्यांवर कच्ची माणसं कोट घालून बसवत आणि त्यांच्या क्लॅरिनेटची पत्ती काढून घेत. बोरूची ही पातळ पत्ती तोंडाशी बांधलेली असते. ती नसली तर कितीही फुंका, नुसता वारा. अशा माणसाला भरतीचा म्हणत. त्यानं गाल फुगवायचे, बोटं नाचवायची आणि गप्प राहायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तरानं माझ्यापुढे हात केला. "पत्ती दे. आज तू भरतीत."

"मी वाईट वाजवतो का?"

"वाईट नाही वाजवत. पण तसे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"मास्तर, आज माझे वडील आलेत."

"ते बहिरे आहेत ना? मग बिघडलं कुठं?"

बाकीचे हसले. पत्ती त्यानं कोटाच्या खिशात टाकली. उठून चालतं व्हावं असं वाटलं, पण आप्पा ठेवणीतला पटका बांधून हॉलात येऊन बसले होते. मी खुर्चीवर बसलो.

कार्यक्रम रंगेना. सोल्जर आपसात बोलायला लागले, एकदोघे उठून गेले. मास्तरानं इकडेतिकडे पाहिलं, ड्रमवाल्याला डोळा घातला आणि माझ्याकडे बोट केलं. इतके महिने ज्या बोटाची वाट बघितली ते हे. मी उभा राहिलो, दुसरं काय करणार? फुंकलं. फुस्स. ड्रमवाल्यानं ढम केलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा ढम. हॉल हसून लोटपोट झाला, सोल्जर बूट आपटायला लागले. त्या मास्तराला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आप्पा मात्र मागे वळून एकेकाचं तोंड बघत होते. सगळी तोंडं खुललेली. ते उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "त्यो माझा ल्योक हाय." लोक आणखी हसले. आप्पांच्या टाळ्या आणखी वाढल्या.

घरी येताना ते वाटभर बोलत होते. "ऱ्हा तिथं. मागाचं मी बगतो. एवढी माणसं खूश झालेली मी कवा बगितली न्हायती." खरं काय झालं ते मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गल्लीतली चार माणसं बोलावून आणली. "वाजीव रं. काल वाजीवलास तसं." पत्ती मास्तराच्या खिशातच राहिली होती. मी मान हलवली, हात जोडले. त्यांना वाटलं, पोरगा लाजतोय. शेवटी मी फुंकलं. आलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण छपराकडे बघायला लागला. दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

आप्पांनी ती सगळी तोंडं पाहिली. मग ते उठून माझ्याजवळ आले आणि मागाच्या खांबावर ठेवत तसा तळहात क्लॅरिनेटवर ठेवला.

"फुंक."

मी जीव खाऊन फुंकलं, पण नळी जराही थरथरली नाही. त्यांचा हात बराच वेळ तसाच होता. मग त्यांनी तो काढून घेतला.

"काल हसत हुती व्हय सगळी," ते म्हणाले. एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आन् मी उभा ऱ्हाऊन टाळ्या वाजीवल्या."

ते मागावर जाऊन बसले. मीही माझ्या मागावर बसलो आणि मंडळात परत गेलो नाही. त्यानंतर आप्पा कुणाच्या तोंडाकडे बघेनासे झाले. काही सांगायचं असलं तर आम्ही त्यांचा हात धरून हलवायचो, तरी ते मान वर करत नसत.