पत्र्यावर वाळत घातलेले भालाईत

हॉस्टेलमधल्या काही मुली टेबलावर लढाईचा खेळ खेळायच्या. फासे टाकायचे आणि बोटभर उंचीचे सैनिक पुढे-मागे सरकवायचे. मी शेजारच्या पलंगावर बसून बघायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि अशा खेळात आपण कसं शिरायचं हे मला माहीत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका सीनियर ताईने विचारलं, तिने थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लास्टिकचे चोवीस भालाईत कोणी रंगवून आणेल का. माझा हात आपोआप वर गेला. तिने भालाइतांच्या डब्यासोबत तिचा एअरब्रशही दिला. पेनासारखा धरायचा आणि त्यातून रंग फवारायचा. काम नीट झालं तर जूनपासून मलाही टेबलावर जागा मिळेल, असं ती म्हणाली होती.

बोरी बुद्रुकला घरी आल्यावर लक्षात आलं की एअरब्रशला कॉम्प्रेसरची हवा लागते. आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारे एक चाचा आहेत, वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी आधी टाकीखालची चावी उघडून साठलेलं पाणी काढलं, मग दाब उतरवत उतरवत अगदी खाली आणला.

"ट्रॉलीला जोर लागतो, बेटा. याला फुंकर बास."

तीन दिवस मी त्यांच्या शेडमध्ये बसले. फवारलेला रंग दिसायचाच नाही, नुसतं धुकं हलल्यासारखं वाटायचं. आधी सगळे काळे केले, मग वरून पांढरा मारला. खांदे उजळले, हनुवटीखाली अंधार राहिला. चोवीस जण एकाच सकाळच्या कोवळ्या उन्हात उभे होते, आणि ती सकाळ कुठली ते मला ठाऊक नव्हतं. त्यावर पातळ निळा चढवला. रस्त्यावर नाशिकच्या गाड्यांचे हॉर्न वाजायचे, ते फार लांबून आल्यासारखे ऐकू यायचे. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

चौथ्या दिवशी शेवटचा हात मारून त्यांना घरी आणलं. आमच्याकडे ओलं काहीही असलं की ते कांद्याच्या चाळीच्या पत्र्यावर जातं. आईच्या कुरडया तिथंच वाळत होत्या. त्यांच्या शेजारी मी भालाईत ओळीनं मांडले आणि आत जाऊन पडले.

आईनेच उठवलं. "तुझ्या माणसांनी माना टाकल्यात बघ."

वर जाऊन पाहिलं तर पत्रा हात लावू देत नव्हता. सगळे भाले वाकले होते, दुपारच्या मेथीसारखे. मला रडूच आलं. आई काठीनं कुरडया उलटत म्हणाली, "कुरडया वाळत्यात गं उन्हात. माणसं न्हाई वाळत."

मोबाईलवर शोधल्यावर सापडलं की असा भाला गरम पाण्यात धरला की तो पुन्हा सरळ होतो. आईने गरम पाण्याचं पातेलं उतरवून दिलं. मी एकेकाला उलटा धरून भाल्यापुरता बुडवत होते. पाण्यात भाला थोडा थरथरायचा आणि हळूच, कोणी न सांगता, सरळ व्हायचा. लगेच गार पाण्यात. आई सगळं काम सोडून बघत बसली. बावीस जण सरळ झाले. दोघांचे भाले मात्र वाकडेच राहिले.

"मागच्या रांगंत ठेव की," आई म्हणाली. "कोण बघतंय?"

मलाही तेच वाटत होतं. टेबल डोळ्यांपुढे येत होतं. तरी संध्याकाळी मी ताईला फोन लावला. पत्रा, कुरडया, पातेलं, ते दोन वाकडे भाले, सगळं अडखळत सांगितलं, आणि टेबलावर नाही घेतलं तरी चालेल, असंही म्हणून टाकलं. ते खरं नव्हतं.

मग तिने विचारलं, "रंग कसा आलाय?"

मी डबा उजेडात धरला. "सकाळ झाल्यासारखा," मी म्हटलं.

"मग ते दोघं पुढे ठेव," ती म्हणाली. "आणि जूनमध्ये ते तूच खेळव."