इवाईबुवांची बुटकी गाडी

उभ्या नागपुरात, पारडीपासून हिंगण्यापर्यंत, वाघासारख्या गाडीकडून बैलाचं काम करून घेणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या पोरीचा सासरा निघाला. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. तर आमचे इवाईबुवा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस घरावर मजला चढवेल, नाही तर बायकोला घेऊन चारधाम करेल. त्यांनी आणली दोन दारांची, लालभडक, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट गाडी. कोण्या डॉक्टरच्या लेकाची वापरलेली होती. ती चालू झाली की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहत आणि आमच्या इहीणबाई, म्हणजे इवाईबुवांच्या मंडळी, स्वयंपाकघरातून ओरडत, "बंद करा ते. कुकरच्या शिट्ट्या आयकू येत नाई मले." असली गाडी लोक रविवारी काढतात, पुसतात, फोटो घेतात आणि झाकून ठेवतात. इवाईबुवांनी ती पहिल्याच दिवशी दळणाला नेली. पिठाचा डबा मागच्या सीटवर, त्याला पट्टा बांधलेला. चक्कीवाला बाहेर येऊन गाडी पाहत राहिला, आणि तेवढ्यात आत कोणाचं तरी दळण जळालं म्हणतात.

पुढं मग त्या गाडीनं काय नाही वाहिलं. सिलेंडर वाहिला, नातीचं दप्तर वाहिलं, शेजाऱ्याच्या घरचं आजारी बकरू दवाखान्यात नेलं. इहीणबाईंचं माहेर कुहीचं. तिथं धानाची शेती. नवा तांदूळ निघाला की भाऊ बहिणीसाठी एक कट्टा, म्हणजे भरलं पोतं, बाजूला ठेवायचा. टेम्पोवाल्याला सांगा म्हटलं तर इवाईबुवा ऐकायला तयार नाहीत. "घरी गाडी असताना टेम्पो काहून?" डिक्की एवढीशी की पायपुसणं ठेवलं तर भरून जाईल. म्हणून कट्टा मागच्या सीटवर आणि इहीणबाई कट्ट्यावर. कुहीपासून नागपूरपर्यंत ती बाई मान आडवी करून, गाल छताला टेकवून आली. उतरल्यावरही बराच वेळ सगळ्यांकडे तिरपंच पाहत होती. मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर म्हणाल्या, "यंदा तांदूळ चांगला निघाला."

आणि तान्हा पोळा. त्या दिवशी आमच्याकडे लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून मिरवतात. आमच्या नातीचा नंदी चांगला दांडगा, शिंगांना बेगड लावलेला. तो मागं शिरेना. शेवटी इवाईबुवांनी त्याला समोर आपल्या शेजारी बसवला, पट्टा लावला, शिंगं खिडकीतून बाहेर काढली, आणि नात अन् आजी मागं. सिग्नलवर पोलिसानं हात दाखवून गाडी थांबवली. वाकून आत पाहिलं. नंदीनं त्याच्याकडे पाहिलं. पोलिसानं नंदीला नमस्कार केला आणि म्हणाला, "जाऊ द्या."

खरी गंमत ब्रेकरची. गाडीचं पोट इतकं खाली की मोठा ब्रेकर आला की ती त्यावर घासायची आणि तो आवाज इवाईबुवांच्या स्वतःच्या पोटात जायचा. शेतकऱ्याला जसा आपल्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, ठाऊक असतो तसा त्यांना शहरातला एकेक ब्रेकर ठाऊक होता. जरा आधी गाडी थांबवून म्हणायचे, "उतरा." सारं कुटुंब उतरायचं, हलकी झालेली गाडी तिरपी तिरपी ब्रेकर चढायची, मागून माणसं चालत जायची आणि पलीकडे पुन्हा बसायची. मागचे भोंगे वाजवून राहिले तरी यांचं काही नाही. माझी पोर वर्षा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी विचारलं, कसं काय सासर? तर म्हणाली, "सासर चांगलं आहे बाबा. पण मी गाडीत बसली कमी अन् ब्रेकरवर चालली जास्त."

आता माझं दुखणं सांगतो. मी चौथीत शाळा सोडली आणि बापाच्या मागावर बसलो. लुगडी विणली, पण कोणापुढं मान खाली घातली नाही. दोन दारांच्या गाडीत मागं शिरायचं म्हणजे समोरची सीट वाकवायची, आधी डोकं घालायचं, मग बाकीचं अंग. पोरीच्या सासरच्या दारात, गल्लीसमोर, ती पाठमोरी शोभा मला करून घ्यायची नव्हती. म्हणून मी समोर. इवायाचा मान समोरच असतो, त्यांनाही ते कबूल. पण या गाडीत मानाच्या जागेची खोड अशी की मागच्या माणसाला उतरायचं असेल तर आधी मानकऱ्यानं उतरायचं, सीट वाकवायची आणि दार धरून उभं राहायचं. आम्ही रामटेकला निघालो. मी कडक धोतर, काळी टोपी. कामठीला नातीला उतरायचं, मी उतरलो. कन्हानला इहीणबाईंना पाणी हवं, मी उतरलो. मनसरला ब्रेकर, मी उतरलो. गडाखाली पोचलो तेव्हा दार धरून उभ्या असलेल्या मला फूलवाली म्हणाली, "बाबा, मालकाले सांगा, गाडी तिकडे झाडाखाली लावा म्हना."

मी रामाचं दर्शन घेतलं आणि एसटीनं परत आलो. इवाईबुवा स्टँडपर्यंत मागं आले, मी वळून न पाहता एसटीत चढलो. वाटेत खिडकीतून पाहतो तर लाल गाडी तिरपी झालेली आणि आमचा सारा गोतावळा ओळीनं ब्रेकर ओलांडून राहिलेला. नातीनं मला हात केला. मी समोर पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गाडी घेऊन माझ्या दारात. माफी नाही, समजूत नाही. एवढंच म्हणाले, "बसा न इवाईबुवा. तुमी उतराचं नाई." तेव्हापासून त्यांनी पद्धत बदलली. गाडी थांबली की स्वतः उतरायचे, स्वतःची सीट वाकवायचे आणि हात पुढं करून मागच्यांना आपल्या बाजूनं काढायचे. मी समोर टोपी सावरून बसलेला. आता वीजकेंद्राचे जिने चढून चढून त्या माणसाच्या गुडघ्यांची केव्हाच वाट लागलेली. त्या खोल सीटमधून निघायचं म्हणजे विहिरीतून भरली बादली ओढायची. एक हात छतावर, तोंडानं "जय राम", आणि मग सावकाश एकेक पाय वर. वर्षा मला एकदा म्हणाली, "बाबा, तुमी उतरले तर काय होते? त्यांचे पाय पाहा." मी म्हटलं, "तो त्यांनी देलेला मान आहे. देलेला मान परत करत नाई." इवाईबुवांनी ऐकलं आणि मान डोलावली. त्यांना माझं बोलणं पटायचं, म्हणून तर सोयरीक टिकली. फक्त जाता येता म्हणायचे, "एक डाव रामटेक नीट करून देतो तुमाले. घरापासून गडापर्यंत उतराचं नाई." मी म्हणायचो, पाहू. उमरेड झालं, कुही झालं, साऱ्या सोयऱ्यांची लग्नं झाली, रामटेक काही झालं नाही. कधी माझं बिनसायचं, कधी त्यांचं.

एकदा पानठेल्यावर मी विचारलं, "काहून घेतली जी ही गाडी? चार दाराच्या का कमी आहेत?" तेव्हा ते बोलले. आमच्या दोघांचेही बाप कोष्टी. जुना माग खड्ड्याचा असतो. विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. माग दाराशी असला की बसलेल्या माणसाला रस्त्यावरचे फक्त पाय दिसतात. "पायावरून माणूस ओळखाचो मी," ते म्हणाले. "चेहरा पाहाचा असन तर मान वर कराव लागे, अन् मान वर केली का बाप म्हणे, धागा पाहाय. एक दिवस गल्लीत एक गाडी आली. लाल. एवढी बुटकी का आतल्या माणसाचं डोकं माह्या डोक्याबराबर. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् हासला. मी धोटा फेकाचं विसरलो. बापानं थापड देली. पण तो हासलेला काही गेला नाई." पान तोंडात टाकून म्हणाले, "बाकीच्या गाड्या वरून जातात हो."

मग माझ्या ध्यानात आलं, की बाजारात हा माणूस गाडी हळू का करतो. रस्त्याकडेला पाल टाकून भाजी विकणारी बाई, जोडे शिवणारा म्हातारा, साऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून हे हसायचे. दुसरे गाडीवाले टोपलीत पाहतात, हे माणसाकडे पाहायचे. त्यांना खाली पाहावंच लागत नव्हतं. ते खालीच होते.

आणि मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. चांगला झाला, गुळगुळीत झाला, पण जुन्याच्या डोक्यावर झाला. आमच्या शहरात हल्ली तसंच होतं. एका उन्हाळ्यात रस्ता गुडघाभर वर आला आणि इवाईबुवांचं अंगण खड्ड्यात गेलं. बाकीच्यांनी फाटकापुढं उतार बांधले, त्यांच्या गाड्या चढल्या. या गाडीचं पोट उताराच्या काठावर टेकलं, पुढची चाकं वर, मागची खाली, आणि ती लेकरांच्या सीसॉसारखी डुलायला लागली. त्यांनी फळ्या लावल्या. वीट घातली. बापाच्या मागाचं जपून ठेवलेलं सागवानी लाकूड आणून तेही चाकाखाली दिलं. ते मोडलं तेव्हा मात्र त्यांनी इंजिन बंद केलं. गाडी मागं घसरत गेली आणि डाव्या अंगानं भिंतीला टेकली. ती तशीच राहिली. एवढा गोंगाट करणारी गाडी, पण त्या दिवसानंतर कुकरच्या शिट्ट्या चौकापर्यंत ऐकू येतात.

जावयानं घरासाठी उंच, चार दारांची गाडी घेतली. ती वर रस्त्यावर उभी राहते. सगळ्यांना आपापलं दार आहे. लाल गाडीसाठी त्यानं एक गिऱ्हाईक आणलं. मी तेव्हा अंगणात चहा घेत होतो. गिऱ्हाईक तरुण होता, डोळ्यांवर काळा चष्मा, गाडीभोवती फिरून म्हणाला, "क्रेननं उचलून नेऊ काका. टेन्शन नका घेऊ." जावई बापाकडे पाहत होता. इवाईबुवा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पंच्याच्या टोकानं काच पुसत होते. एकच जागा, पुन्हा पुन्हा. इहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

पोरीच्या सासरी बापानं बोलू नये, हा आमच्याकडचा कायदा. मी कप खाली ठेवला. "काहून गा," मी त्या पोट्ट्याला म्हटलं, "तुले कोनं सांगतलं ही विकाची आहे म्हणून?"

त्यानं जावयाकडे बोट दाखवलं. "यायनंच बोलावलं न मले."

"यायले माहीत नाई. इवाईबुवा मले हिच्यात रामटेकले नेणार आहेत. ते झालं का मंग ये."

"कधी जाऊन राहिले?"

"ते आमी दोघं पाहू."

जावई चिडला असावा, पण सासऱ्याला काय बोलणार. गिऱ्हाईक गेलं. इवाईबुवांनी काच पुसणं थांबवलं आणि म्हणाले, "चहा थंडा झाला तुमचा."

आता संध्याकाळी मी तिकडे जातो. डावं दार भिंतीला लागलेलं, ते उघडत नाही. समोरच्या सीटवर जायचं तर मधल्या दांड्यावरून पाय टाकावा लागतो, तो माझा आता पडत नाही. म्हणून इवाईबुवा आपली सीट वाकवतात आणि मी टोपी काढून, मान खाली घालून मागं शिरतो. गल्ली पाहते. पाहू दे. मग ते समोर बसतात, चाकावर हात ठेवतात, आणि आम्ही पाहत राहतो. फाटकाच्या गजांतून रस्ता बरोबर डोळ्यांच्या पातळीला येतो. चपला जातात, बूट जातात, स्कूटरची चाकं जातात. "हे चक्कीवाल्याचे पाय," ते म्हणतात. "हा मास्तर. डावा घासते." मीही ओळखतो. जुनी विद्या आहे, जात नाही. मधूनच कोणी तरी थांबून खाली वाकतं, आत पाहतं, आणि इवाईबुवा त्याच्याकडे पाहून हसतात.

"कामठी गेली वाटते," मी म्हणतो.

"केव्हाचीच. कन्हानचा पूल आला."

आतून इहीणबाईंचा आवाज येतो. "चहा झाला. गाव आलं असन तर उतरा."

मग एक हात छतावर, "जय राम", आणि एकेक पाय करत ते अंगणात उभे राहतात. जरा दम घेतात. सीट वाकवतात आणि हात पुढं करतात. इतकी वर्षं मी तो हात समोरच्या सीटवरून पाहिला, दुसऱ्यांसाठी पुढं होताना. हात कोष्ट्याचाच आहे, मधल्या बोटाला धाग्याची खाच अजून तशी. मी तो धरून वर येतो.

"रामटेक राह्यलं," ते म्हणतात.

मी टोपी घालतो. "उद्या जाऊ."