बांधावरून चाला

गावात त्याला 'बांधाचा कोतवाल' म्हणत. पेरलेल्या शेतात कुणाचं पाऊल पडलं की तो सख्ख्या आईलाही सोडायचा नाही. "आई, तुला पाय दिलेत की नांगर? बांधावरून चाल!" सैन्यातून सुट्टीवर आला तेव्हाही त्याने आराम केला नाही, गहू पेरला आणि लढाईवर परतला. कोंब वर आले आणि तो गेल्याची बातमी आली.

आज श्रद्धांजलीला मोठे पाहुणे आले. पुढारी म्हणाले, "पोराने हसत हसत प्राण दिले." मग फोटोसाठी सगळे बुटांसकट थेट त्याच्या शेतात उतरले आणि बोटभर गहू आडवा झाला.

"बाहेर व्हा!" आई कडाडली. "हसत नाही गेला तो. कापणीला येतो म्हणून गेला होता!"

"अहो मावशी, आम्ही त्याच्यासाठीच तर..."

"त्याच्या हातचं एवढंच उरलंय, तेही तुडवा! पाय दिलेत की नांगर तुम्हाला? बांधावरून चाला!"

पुढारी हार सावरत बांधावर चढले. त्यांच्याकडे पाठ करून आई बांधावरच बसली आणि हात लांबवून आडवी रोपं उभी करू लागली. तिनेही पाय आत टाकला नाही.