बांगड्याचा काटा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कळव्याच्या आमच्या शेजारच्या काकू गॅलरीतून खालच्या रिक्षांचे नंबर मोठ्याने वाचायच्या. "बघ गं, माझा चष्मा सुटला!" जवळचं बघायला चष्मा लागेलच, असं डॉक्टरांनी बजावलेलं; पण तो डबीतच पडून होता.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलेले. काकू चष्म्याशिवायच नातीला बांगडा भरवत होत्या आणि काटा पोरीच्या घशात अडकला. सुनेने बोट घालून तो कसाबसा काढला.

"होतं असं, आई," सून म्हणाली. काकूंनी मान वर केली नाही.

आता त्या चष्मा लावून काटे काढतात, मासा पुन्हा चाचपतात आणि ताट सुनेपुढे सरकवतात.

"आज्जी, तू भरव ना," नात म्हणते.

"आई भरवेल हं," म्हणत काकू हात धुवायला उठतात.