हातांनी बोलणाऱ्या बाहुल्या

रामटेके सर गेल्याची बातमी मला आवाजाशिवाय कळली. गेल्या महिन्यात एका दुपारी फाटक वाजलं म्हणून बाहेर आले, तर शोभा सायकल भिंतीला टेकवत होती. शोभा ही नागपूरच्या आमच्या मूकबधिर शाळेची जुनी विद्यार्थिनी. आता एका छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करते. तिनं माझ्याकडे पाहून अंगठा हवेत दोनदा दाबला, कॅमेऱ्याची कळ दाबावी तसा. शाळेतल्या मुलांनी सरांना ठेवलेलं हे खुणेचं नाव. मग तिनं तळहात सरळ धरला आणि हळूच उलटा केला... मी विचारलं, कधी? तिनं दाखवलं, पहाटे, झोपेत. त्रास काही झाला नाही. आम्ही दोघी पायरीवर बसलो. रडता रडता मध्येच तिला हसू आलं, आणि तिनं दोन्ही हातांनी पतंगाला ढील देऊन दाखवली. मलाही हसू आलं. त्या पतंगाची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कोण होते ते सांगता येणार नाही.

मी शाळेत लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मुंबईहून वाचा-शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आलेली, आणि त्यामुळे सगळं काही येतं अशी खात्री असलेली. बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवायचं, त्यांना हातवारे करू द्यायचे नाहीत, ही तेव्हाची रीत. हाताची सवय लागली की मूल बोलायचे कष्ट घेत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. माझ्या वर्गात मुलं मांडीखाली हात घालून बसायची. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण तेव्हा मी ते मुलांच्या भल्यासाठीच करत होते.

रामटेके सर हस्तकला शिकवायचे. चाळिशीचे, काटकुळे, बोटांना कायम सरस लागलेला. वडील कापड गिरणीत होते. घरात शिकलेलं पहिलं माणूस म्हणजे सर. त्यांच्या वर्गात मुलांचे हात मोकळे असायचे, आणि मोकळे हात गप्प कसे बसणार? वऱ्हांड्यातून जाताना मला दिसायचं की तिथं लाकूड तासता तासता पोरं भराभर बोलतायत, भांडतायत, एकमेकांच्या नकला करतायत. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. त्यांनी सरांना समज दिली. दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गाच्या दाराशी आले आणि शांतपणे म्हणाले की वऱ्हांड्यात ते मुलांना आवरतील, पण त्यांच्या खोलीत हाताला कामच असतं, तिथं त्यांचा इलाज नाही. ना राग, ना टोमणा. मला तेव्हा त्याचाच राग आला.

आमची खरी ओळख झाली ती सीताबर्डीला. मी आणि माझा भाऊ तिथल्या फिल्म सोसायटीचे सभासद होतो. रविवारी सकाळी एका थिएटरात परदेशी चित्रपट दाखवत. एका रविवारी छोटे बाहुलीपट होते, चेकोस्लोव्हाकियातले आणि पोलंडमधले. दिवे लागले तेव्हा पाहिलं तर पहिल्या रांगेत सर. सगळे उठले तरी ते पडद्याकडे बघत बसलेले. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी मला गाठलं आणि पहिल्यांदाच भरभरून बोलले. बाहुलीला केसभर हलवायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा एक चित्र... अशी हजारो चित्रं सलग पळवली की ती चालू लागते. ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. सुरुवातीला लोकांनी गंमत म्हणून टेबलं-खुर्च्या आपोआप चालवल्या. मग कुणी एकानं किड्यांची झुंज चित्रित करायला घेतली. दिव्यांच्या उजेडात जिवंत किडे हलेनात, तेव्हा त्यानं मेलेल्या भुंग्यांचे पाय तारांनी जोडले आणि त्यांच्याकडून काम करून घेतलं. चेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांचे खेळ आधीपासून घरोघरी माहीत, म्हणून तिथं या कलेला बहर आला. ही माहिती ते वाचनालयात बसून, शब्दकोश उघडून, इंग्रजी मासिकांतून उतरवून घ्यायचे.

पण त्यांना खरं वेड लावलं होतं ते बाहुल्यांच्या चेहऱ्यांनी. “बाई, तुम्ही पाहिलं का,” ते म्हणाले, “तिचं तोंड एकदा रंगवलं ते रंगवलं. मंग हालतच नाही. तरी ती रडून राहिली हे आपल्याले समजते. कशानं समजते?” मी म्हटलं, संगीतानं. त्यांनी मान हलवली. “मानेनं आणि हातानं. आपल्या पोरांले हे दाखवाले पाहिजे.”

त्यांनी सोसायटीच्या चिटणिसांना गळ घातली आणि त्यांतला एक बाहुलीपट दोन दिवसांसाठी शाळेत आणला. प्रोजेक्टरसुद्धा सोसायटीचाच. आमच्याकडे अधूनमधून सरकारी माहितीपट दाखवत. त्यात एक माणूस सतत बोलत असायचा, आणि आमची मुलं पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरची चाकं बघत बसायची. त्या दिवशी सभागृहात ऐंशी मुलं होती आणि एकाचीही मान वळली नाही. पडद्यावरची म्हातारी बाहुली जिना चढता चढता थांबली, तिनं कमरेवर हात ठेवला, आणि सगळी शाळा हसली. मीही हसले. क्षणभरानं माझ्या लक्षात आलं की मी मुलांबरोबर हसले होते. एरवी विनोद मला आधी कळायचा आणि मुलांना नंतर, समजावून सांगितल्यावर. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं...

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी स्वतःचा बाहुलीपट करायला घेतला. शाळेच्या एका विश्वस्तांकडे आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता, एकेक चित्र घेण्याची कळ असलेला. तो त्यांनी मागून आणला. वसतिगृहातली सहा मुलं सुट्टीतही नागपुरातच होती. त्यांत बारा वर्षांची शोभा होती. तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला. आई नव्हती, म्हणून सुट्टीत तिला घरी न्यायला कुणी फारसं उत्सुक नसे. सरांनी आधी मेणमातीच्या बाहुल्या केल्या. पण नागपूरचा मे महिना! अकरा वाजले की बाहुल्या माना टाकायच्या. मग हलक्या लाकडाची डोकी, तारेचे सांगाडे आणि पायात शिशाचे तुकडे आले. बोटं मात्र सरांनी फार निगुतीनं केली. प्रत्येक बोटाला वेगळी बारीक तार, वर कापडाची पट्टी.

मी शाळेत तक्ते रंगवायला जात असे. एका सकाळी हस्तकलेच्या खोलीत डोकावले. खिडक्यांना घोंगड्या, दोन मोठे दिवे, टेबलावर पुठ्ठ्याचं पतंगाचं दुकान. शोभा श्वास रोखून एका बाहुलीचं बोट वाकवत होती. मी दोन मिनिटं पाहिलं आणि कळलं की बाहुली खाणाखुणा करतेय, आमच्या पोरांच्या. मी सरांना बाहेर बोलावलं. म्हटलं, हे मुलांना दाखवलंत तर ती तोंड उघडायचा प्रयत्नही सोडतील, माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, बाहुलीच्या तोंडाले हालवाची सोयच नाही. ती हातानं नाही बोलणार तर कशानं बोलणार?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बाहुलीबद्दलचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सरांनी हातात वही दिली आणि किती चित्रं झाली ते लिहायला सांगितलं. प्रत्येक हालचालीची दोन चित्रं. दिवसभर खपलं की पडद्यावरचे जेमतेम दहा सेकंद. विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा, दिवे मंदावायचे, मग सगळे उभ्या जागी थांबायचे, बाहुल्यांसारखेच. असं थांबून राहणं मला कधीच जमलं नव्हतं. वर्गात मी प्रश्न विचारायचे आणि मुलाला शब्द सापडायच्या आत पुढचा विचारायचे. इथं शोभा एका बोटासाठी दहा मिनिटं घ्यायची आणि सर कपाळाचा घामही न पुसता बघत राहायचे. चौथ्या दिवशी माझ्या पदराचं टोक टेबलाच्या कोपऱ्यात अडकलं. टेबल हाललं, बाहुली दचकल्यासारखी मागं सरकली. तिची आधीची जागा कुणालाच नेमकी आठवेना. सकाळपासूनचं काम वाया गेलं असं समजून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी वाकून बाहुलीकडे पाहिलं आणि तिथूनच पुढचं चित्र घेतलं. तयार बाहुलीपटात त्या जागी बाहुली खरंच दचकते. मुलं एकमेकांना सांगायची की तिनं दारातून बाईंना येताना पाहिलं!

गोष्ट अगदी साधी होती. एक मुलगी पतंग घ्यायला दुकानात येते. हातानं मागते. दुकानदाराला कळत नाही. तो चक्री देतो, मांजा देतो, टोपी देतो, शेवटी शिडी आणून देतो. मुलीभोवती ढीग साचतो. मग ती ढिगावर चढते आणि नुसत्या हातांनी, मांजाशिवाय, एक न दिसणारा पतंग उडवायला लागते. दुकानदार वर बघतो. बराच वेळ बघतो. आणि हळूहळू त्याचेही हात तिच्यासारखे हालायला लागतात. जेमतेम चार मिनिटं. शेवटच्या भागाला नऊ दिवस लागले, कारण दुकानदाराचे हात पहिल्यांदाच शिकतायत असे दिसायला हवे होते, आणि सरांना ते मनासारखं जमेना. शेवटी ते शोभाला खुणेनं म्हणाले, तूच हालव, तुलेच माहीत, शिकणारा माणूस कुठं चुकते ते.

रिळं धुवायला मुंबईला गेली आणि पावसाळा सरता सरता परत आली. स्नेहसंमेलनात ती दाखवायची की नाही, असा प्रश्न आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. वाचा-शिक्षणाच्या तुम्ही जाणकार, तुमचं मत असेल तसं करू, असं ते म्हणाले. सर शेजारच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. मी नको म्हटलं असतं तर ते रीळ डब्यात ठेवून गेले असते. मी म्हटलं, दाखवू या.

संमेलनाला पालक आले होते. शोभाचे वडीलही ड्यूटी बदलून आले होते. फार अबोल माणूस. मुलीशी त्यांचं बोलणं म्हणजे ताटाकडे, नाहीतर दाराकडे बोट दाखवणं. बाहुलीपट संपला तेव्हा मोठी माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. मी या बापलेकींच्या मागच्याच रांगेत होते. ते उठले नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग आपले दोन्ही जाडेभरडे हात उचलले आणि अवघडत पतंगाला ढील दिली. शोभानं त्यांचा डावा हात धरून जरा वर केला. चुकलं होतं ते सुधारलं. त्यांनी पुन्हा करून दाखवलं... पुढच्या सुट्टीत ते तिला न्यायला स्वतः आले.

यानंतर सगळं बदललं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. शाळेचा नियम पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. मी बोलायला शिकवत राहिले, आजही शिकवते, आणि मुलांना ते यावं असं मला अजून वाटतं. फक्त माझ्या वर्गात मांडीखाली हात घेऊन बसणं बंद झालं. खाणाखुणा मी सरांच्या खोलीत, मुलांकडून शिकले, आणि मुलं मला हसायची. सरांनी पुढे आणखी दोन बाहुलीपट केले. एक तुरीच्या आणि ज्वारीच्या दाण्यांचा, एक अर्धवट राहिलेला. फिल्म सोसायटीनं पतंगाचा बाहुलीपट एकदा मुख्य चित्रपटाआधी दाखवला तेव्हा सर पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघत होते. यापलीकडे त्यांचं नाव झालं नाही. कुणी हळहळलं की ते म्हणायचे, “काही राहिलं नाही गा. पोरं हसली ना.” ते खरोखरच समाधानी होते. असं समाधान मी फार कमी माणसांत पाहिलं.

गेल्या रविवारी नागपूरच्याच इंदोऱ्यात त्यांच्या घरी गेले. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चहा केला. घरात पूर्वीचाच सरसाचा वास. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक लांब फळी आहे. त्या फळीवर हातात पिशवी घेतलेली एक लहानशी लाकडी बाई उभी होती. मी ती पूर्वी पाहिली नव्हती. वहिनी म्हणाल्या, निवृत्त झाल्यावर केली, मीच हाय ते, बजारात चाललेली. कॅमेरा तर कधीच परत गेला होता, पण सर रोज सकाळी आंघोळ झाली की तिला केसभर पुढे सरकवायचे आणि मग पेपर वाचायला बसायचे. आता ते काम वहिनी करतात. माझ्यादेखत त्यांनी ओले हात पदराला पुसले, एक बोट बाहुलीच्या पाठीला लावलं, आणि ती हालली की नाही हे मला दिसायच्या आत बोट काढून घेतलं. फळीचं टोक आता चार बोटांवर आलं होतं. मी विचारलं, टोकाला पोचली की मग?

“मंग वापस फिरवाची,” वहिनी म्हणाल्या. “घरी यावं लागते ना तिले.”