खुर्च्यांवरचे तीन शर्ट

गरम इस्त्रीचा वास आला की मला इंदिरानगरातली ती दुपार आठवते. सटाण्याची माझी मामेबहीण सोनल विद्यापीठाच्या मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्या खोलीवर आली होती. मुलाखत बिघडली की जागा गेली. तिची भीती मोडावी म्हणून मी तीन खुर्च्यांना इस्त्रीचे तीन शर्ट घातले आणि त्यांच्यामागे उभी राहिले.

"ताई, मधला माझ्याकडं बघतोय."

"त्याला डोकं तरी आहे का? विचारल्याशिवाय बसायचं नाही, कळलं?"

कुणापुढे वाकू नका, अशी पत्रकं वाटणारी मी! पोरींना घाबरवून निवडणाऱ्यांचं काम मी फुकटात करत होते.

"सर, बसू का?" सोनलने विचारलं. किती थांबते बघू, म्हणून मी गप्प राहिले. पंखा बंद होता. ती मधल्या कॉलरच्या वर बघत राहिली, मग हसली. "थँक यू, सर," म्हणाली आणि बसली. मी खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

जागा तिला मिळाली. पण आजही माझ्याकडे आली की ती खुर्चीपाशी थांबते, माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघते, आणि मगच बसते.