कळंबवरून जाणारा रस्ता

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात, आई माझ्या दहावीच्या वेळी सही शिकली. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, पण कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे मला आता चांगलं कळलं आहे. शिवाय ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याला मी विचारलेलं नाही. म्हणून नावं घालत नाही. गोष्टही फार मोठी नाही. मोबाइलमधला मॅप बदलला आणि मी कॉलेजला कोणत्या रस्त्याने जायचं हा प्रश्न आला, इतकीच. पण ती मला कोणाला तरी सांगायची होती, आणि ज्याला सांगितली असती तोच आता जवळ नाही.

आमचं गाव पोशीर. कॉलेज खालापूर तालुक्यात. पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी त्यांची मोटारसायकल मला दिली आणि स्वतः एसटीने कामावर जायला लागले. तोवर कर्जतच्या पुढे मी फक्त लग्नांना गेलो होतो, तेही टेंपोच्या फाळक्याशी मागे तोंड करून बसून. त्यामुळे रस्ता मी नेहमी उलटाच पाहिलेला. सुलटा ओळखू येईना. म्हणून हँडलला स्टँड लावला, त्यात मोबाइल अडकवला आणि मॅप सांगेल तसा जायला लागलो.

पोशीरहून कर्जतला दोन बाजूंनी जाता येतं, नेरळवरून आणि कळंबवरून. त्या वर्षी नेरळच्या बाजूला रस्ता उकरून ठेवला होता, म्हणून मॅप मला कळंबवरून पाठवायचा. कळंब सोडलं की भातशेती, मधेच एखाद्या रिसॉर्टचं मोठं गेट, आणि पुन्हा भातशेती. त्या रस्त्यावर एका गावाच्या फाट्याला एसटीची शेड आहे. पहिल्याच आठवड्यात तिथे नेटवर्क गेलं आणि मी गाडी थांबवली. शेडमध्ये माझ्याच वयाचा एक मुलगा उभा होता.

"खालापूरला हाच रस्ता ना?" मी विचारलं.

"कॉलेजला ना? बॅगेवरनंच कळतंय. नवी हाय." तो जवळ आला. "आमी बी तिकडंच. मी मागं बसतो, म्हंजे तू चुकायचा नाय."

त्या दिवसापासून तो रोज मागे बसला. तोही घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा. वर्गात आम्ही दोघे शेवटच्या बाकावर बसायचो आणि बाकीचे इंग्रजीत हसायला लागले की एकमेकांकडे बघायचो. मॅपमधल्या आवाजाला तो बाई म्हणायचा. बाईने "उजवीकडे वळा" म्हटलं की हा मागून ओरडायचा, "वळतोय ना, बाई! बैल नाय, गाडी हाय!" मी कमी बोलतो. ती वर्षभराची बोलणी सगळी त्याचीच होती, मी फक्त गाडी चालवली. तरी मला वाटायचं की मीही खूप बोललो.

पहिलं वर्ष संपलं आणि त्याचे वडील झाडावरून पडले. कमरेला मार बसला. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. तो कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर कामाला लागला. गेस्टच्या बॅगा उचलायच्या, जेवण वाढायचं, गाड्या लावायला जागा दाखवायची, राहायचंही तिथेच. मला म्हणाला, "एकच वर्ष रं. बाबा उभा ऱ्हायला की येतो परत. तू फक्त मागची शीट मोकळी ठेव."

मी ठेवली. दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने कर्जतपासून लिफ्ट मागितली, तर मी म्हणालो, गाडीचा मागचा टायर खराब आहे.

त्या वर्षभर मी रोज कळंबवरून गेलो. रिसॉर्टकडे वळायचा फाटा आला की वेग कमी करायचो. तो कधी दिसला नाही, कारण रिसॉर्ट रस्त्यापासून बरंच आत आहे, आणि कामावर मोबाइल जमा करायला लागायचा. एका सुट्टीच्या दिवशी गेटपर्यंत गेलो तर वॉचमन म्हणाला, आज गेस्ट फुल्ल, नंतर या. पुढे त्याच्या शेडवरून जाताना मी उगाच ब्रेक दाबायचो. आपण त्याची वाट बघतो आहोत असं मी स्वतःला कधी म्हटलं नाही. मॅप इकडून नेतो, म्हणून आपण इकडून जातो, इतकं साधं ठेवलं होतं.

मग मॅप अपडेट झाला.

सकाळी गाडी सुरू केली आणि निळी रेघ नेरळच्या बाजूला गेलेली दिसली. तिकडचा रस्ता पुरा झाला होता, काँक्रीटचा, रुंद. कळंबचा रस्ता करड्या रंगात बाजूला पडला होता आणि त्यावर लिहिलं होतं, हळू. मी कळंबकडे वळलो. बाई म्हणाली, मागे वळा. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली. आवाजही बदलला होता, जास्त चटपटीत, शहरातल्या शिक्षिकेसारखा. मी आवाज बंद करून टाकला. त्यानंतर कितीतरी महिने मी मॅप मुका ठेवूनच गाडी चालवली. बघायला गेलं तर मला आता मॅपची गरजच नव्हती, रस्ता पाठ झाला होता. पण मॅप लावलेला असला की गाडीवर कोणीतरी आहे असं वाटायचं.

एकदा शेडजवळ त्याची आई भेटली. डोक्यावर गवताचा भारा होता, तो तिने शेडच्या कट्ट्यावर टेकवला.

"अजून हितनंच जातोस व्हय रं? नेरळकडनं चांगला रस्ता झालाय म्हणतात."

"मॅप इकडूनच दाखवतो, काकी."

तिने मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुझा मॅप बी माझ्यासारखाच. नवीन कायच कळत नाय त्याला." ती हसली. मग म्हणाली, "तो येणार हाय कालेजात. बाबा आता काठी घेऊन फिरतो. नाव घालायचे दिवस आले की तुला सांगंल तो."

हे वाक्य मी पुढे पुष्कळ दिवस सांभाळलं. त्याने यावं, मागे बसावं, दुसरं वर्ष करावं. तो एक वर्ष मागे पडला असता, मी एक वर्ष पुढे. तरी रस्ता एकच राहिला असता.

जूनमध्ये एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. त्याचाच होता. "माझा फोन बिघडलाय. मॅनेजरच्या फोनवरनं टाकतोय. आज नाव घालायचा शेवटचा दिवस. सुट्टी दिली दुपारपर्यंत. चौकात ये, थांबतो. तसंच कॉलेजला जाऊ."

मी लगेच त्या नंबरवर फोन लावला. मॅनेजर म्हणाला, तो आत्ताच निघाला.

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगावं लागेल. आमच्याकडे रस्ते जिथे फुटतात त्याला फाटा म्हणतात, नाहीतर नाका. चौक हे आमच्यासाठी गावाचं नाव आहे. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. कर्जतहून तिकडे रस्ता जातो. चौकात ये म्हटल्यावर मला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. रिसॉर्टचा टेंपो भाजीला पनवेलला जातो हे मला माहीत होतं, तो चौकवरूनच जातो. मी मनात जुळवलं, हा टेंपोतून चौकला उतरणार, तिथून कॉलेज जवळ. हुशार आहे, अर्धा रस्ता वाचवला.

मॅपमध्ये चौक टाकलं. निळी रेघ नेरळवरून गेली. इतके महिने मी तिचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, कारण उशीर व्हायला नको होता. नवा रस्ता खरंच चांगला होता. मी स्वतःशी गाणं म्हणत गेलो.

चौकला पोहोचलो, गाडी रिक्षास्टँडजवळ लावली. पाऊस उघडला होता. पनवेलकडे जाणारा प्रत्येक टेंपो मी पाहिला. तो नंबर पुन्हा लावला, कोणी उचलला नाही. एक रिक्षावाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"कोण यायचंय?"

"मित्र."

"मित्र का मैत्रीण? मित्रासाठी कोन एवढं थांबत नाय."

बाकीचे रिक्षावाले हसले. मीही हसल्यासारखं केलं. थोड्या वेळाने त्यानेच मला चहा दिला आणि म्हणाला, "जा आता घरी. येणारा असता तर आला असता."

कॉलेजचं ऑफिस बंद व्हायची वेळ होऊन गेली तरी मी तिथेच होतो. मला वाटलं, त्याचं मन बदललं. मॅनेजर काही बोलला असेल, नाहीतर कामाची सवय लागली असेल. परत येताना आधी त्याचा राग आला, मग आपण मूर्ख आहोत असं वाटायला लागलं. घरी आईने विचारलं, "झालं का रं त्याचं?" मी म्हणालो, "त्याला नाही यायचं."

तिसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं तेव्हा मी नेरळवरून जायला लागलो. आता कळंबवरून जायचं कारण नव्हतं. आवाजही चालू केला. नेरळच्या आधी एके ठिकाणी कर्जतकडे वळायचं असतं. तिथे एक टपरी आहे, एक फलक आहे, दुसरं काही नाही. बाई म्हणाली, "पुढच्या चौकात डावीकडे वळा."

मी वळलो. थोडं पुढे जाऊन गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरलो. मागून डंपर गेला, त्याने हॉर्न मारला. मला तो ऐकू आला, पण मी हललो नाही. फाट्याला चौक म्हणणारी माणसं असतात. ही बाई म्हणते. शहरातून येणारे गेस्ट म्हणत असतील. आणि तो वर्षभर त्यांच्यात राहिला होता.

त्या दिवशी कॉलेजला गेलो नाही. गाडी फिरवली आणि कळंबला गेलो, रिसॉर्टच्या गेटपर्यंत. वॉचमन फोनवर बोलत होता. "हां सर, सीधा आइये. चौक से लेफ्ट मारो. फाटा? नहीं सर, चौक, चौक." त्याने फोन ठेवेपर्यंत मी उभा राहिलो. विचारायचं होतं त्यातलं अर्धं मला कळून चुकलं होतं, तरी त्याचं नाव घेऊन विचारलं.

"तो व्हय?" वॉचमन म्हणाला. "तो गेला की. मालकाची दुसरी जागा हाय अलिबागकडं, तिकडं पाठवला. सोताच मागून घेतली बदली. त्या दिवशी त्या तिथं फाट्यावर बसला होता, चांगला शर्ट घालून. मी दोन वेळा म्हटलं, यष्टी पकड अन् जा. तर म्हणतो, नाय, माझा मित्र येतोय, तो येणारच. मग संध्याकाळी आला, कपडे बदलले अन् वाढायला उभा ऱ्हायला."

त्या दिवसापर्यंत माझा रोजचा रस्ता त्या फाट्यावरूनच होता. दोन वर्षं रोज मी तिथून गेलो होतो, नेमका त्या दिवशी नाही.

तसाच काकीकडे गेलो. ती अंगणात भांडी घासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चौक, फाटा, टेंपो, बाई. काकीला बाई कोण ते आधी कळेना. मग कळलं. ती हात धुऊन उठली.

"म्हंजे तू बी थांबला होतास?"

"हो."

"दिवसभर?"

"हो, काकी."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि ओट्यावर बसली. त्याचा नंबर तिच्याकडेही नव्हता. फोन तोच करायचा, कधीमधी, दुसऱ्याच्या मोबाइलवरून. "आला की सांगते त्याला," ती म्हणाली.

मी पुन्हा कळंबवरून जायला लागलो. बाई मागे वळा म्हणायची, मी तिला म्हणू द्यायचो. काकी दिसली की थांबायचो. ती म्हणायची, फोन आला होता, बरा हाय. चौकाचं सांगितलं का, असं विचारायला माझी जीभ उचलायची नाही, आणि ती आपण होऊन काही बोलायची नाही. भात कापून झाला, शेतं मोकळी झाली. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर एकटाच बसायचो. मला वाटलं, त्याला सांगूनही झालं असेल आणि त्याने मनावर घेतलं नसेल.

परवा शेडजवळ काकीनेच हात केला. मी गाडी बंद केली.

"तुला सांगू नको म्हणाला होता," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी त्याला चौकाचं, तवाच. आधी लय हसला. मग म्हणाला, आये, आता मी बी त्याला कायतरी चांगलं सांगीन, तवरं गप ऱ्हा."

"काय सांगणार होता?"

"तिकडच्या कालेजात नाव घातलंन त्यानं, दुसऱ्या वर्षाला. सकाळचं कालेज, दुपारनं काम. आता तिकडंच ऱ्हाणार, पुरं होईपर्यंत." तिने पदराने तोंड पुसलं. "काल निकाल लागला पहिल्या परीक्षेचा. सगळ्या इषयांत पास झाला रं. म्हणाला, आता त्याला सांग."